खुनी मलेच कर!

किस्से कोणी गोळा करायला जात नाही. राइस मिलच्या मागे धानाच्या भुशाचा ढीग जसा आपोआप वाढतो, तसे ते साचत जातात. माझी कादंबरी एकदाची लिहून झाली आणि पाहते तर काय, कादंबरीपेक्षा तिच्यामागचे किस्सेच जास्त झालेत!

मी मोहाडीला शाळेत मराठी शिकवते. आठवी-नववीच्या पोरांसाठी एक रहस्यकथा लिहायला घेतली. दहावीतले चार जिवलग मित्र. शाळेची पितळी घंटा चोरीला जाते, ती वाजवणाऱ्या शिपायाचा खून होतो आणि संशय येतो हमालाच्या पोरावर, नामदेववर.

चार मित्र म्हणजे अर्थात आम्हीच. तुमसरला एका वर्गात होतो. दहावीच्या सुमाराला जिल्हा फुटला, गोंदिया वेगळा झाला, आम्ही काही फुटलो नाही! शालू आता नाकाडोंगरीला नर्स आहे, पुरुषोत्तम मोहाडीच्या तहसीलमध्ये बाबू आणि देवानंद तुमसरच्या एका राइस मिलमध्ये ऑपरेटर. दर रविवारी सकाळी आम्ही शालूच्या तुमसरच्या घरी जमायचो. तिनं तर्री-पोहे करायचे आणि मी एक प्रकरण वाचायचं.

खून माझ्या मनचा, पण घंटेची चोरी खरी. आमच्या शाळेची घंटा खरंच गेली होती आणि हेडमास्तरांनी सगळ्यात आधी देवानंदची कॉलर धरली, कारण त्याचा बाप हमाल. हात सुजेपर्यंत छडी मारली. आम्ही तिघं खाली मान घालून उभे होतो. ‘त्यानं नाही घेतली, सर,’ एवढंसं वाक्य मला बोलता आलं नाही. ते बोलायला मी अख्खी कादंबरी लिहायला घेतली. अकराव्या प्रकरणात नामदेवचे मित्र हेडमास्तरांसमोर उभे राहून ते बोलतात. ते प्रकरण देवानंदनं ऐकावं, एवढीच माझी इच्छा होती. आणि नेमकं तेच वाचायची हिंमत होत नव्हती.

*

पहिल्या प्रकरणात प्रेत सापडतं राइस मिलमधल्या हौदात. मी मोठ्या झोकात वाचलं. देवानंदनं पोह्याची प्लेट खाली ठेवली.

“कोणता हौद वं? धान भिजवाचा हौद उसना, म्हंजे उकड्या तांदळाच्या मिलमध्ये रायते. आमची अरवा मिल आहे, कोरडंच धान कांडते. तुहा मुर्दा आमच्या इथं भिजतच नाही!”

मग दुसऱ्याच दिवशी तो मला मिल दाखवायला घेऊन गेला. आम्ही बारदान्याच्या थप्प्या पाहिल्या, भुशाची खोली पाहिली. तेवढ्यात शेठजी आले.

“मॅडम काय पाहून राहिल्या?”

“मुर्दा ठेवाले जागा पाहून राहिल्या, शेठ!” देवानंद म्हणाला.

शेठजींनी क्षणभर विचार केला. “ठेवा ना. पण सीझन झाल्यावर!”

*

एकदा एसटीत बसले होते. शालूचा फोन आला. तिच्याशी मला तिसऱ्या प्रकरणाबद्दल बोलायचंच होतं.

“शालू, ठरलं माझं. चहातूनच देते. कोणाला संशयसुद्धा येणार नाही,” मी म्हटलं.

फोन ठेवला तर शेजारची म्हातारी माझ्याकडे टक लावून पाहत होती. तिनं हळूच माझा हात धरला.

“नोको मारू, बाई. मले बी कित्येकदा वाटलं. पण म्या बी चाळीस वर्सं कळ काढलीच ना!”

स्टॉप येईपर्यंत तिनं माझा हात सोडला नाही. कोण कुठली, नावही माहीत नाही, पण पुस्तकाच्या आभारात तिचा उल्लेख मी करणारच आहे.

*

पण तो चहा काही कोणाला लागू पडला नाही. तिसऱ्या प्रकरणात एक साक्षीदार तो चहा पिऊन मरतो, असं मी वाचलं आणि शालू भडकली.

“मरते कसा? दवाखाना अर्ध्या तासावर आहे ना? माह्याकडे आणा!”

“अगं, गोष्ट आहे ती!”

“गोष्ट असो का काही असो. माह्या हद्दीतला पेशंट आहे. म्या मरू देत नाही!”

तिनं चहा ठेवायलाच नकार दिला. शेवटी मी वहीवर तिथल्या तिथे साक्षीदार वाचवला, तेव्हा कुठे गॅस पेटला. खरं सांगते, त्या वाचलेल्या साक्षीदारामुळेच पुढचं सगळं रहस्य जमून आलं. माझ्या हातून तो मेला असता तर कादंबरीही मेली असती!

*

पुरुषोत्तमचं काम वेगळं. प्रत्येक प्रकरण रविवारआधी त्याच्याकडून तपासून यायचं. तो कादंबरी वाचायचा नाही, फाइल वाचायचा. लाल पेनानं समासात शेरे: ‘साक्षीदाराचा पूर्ण पत्ता नमूद नाही.’ ‘पंचनाम्यावर सही कोणाची?’ आणि पानोपानी एक ठरलेला शेरा: ‘पुरावा जोडला नाही.’

एका प्रकरणात मी जुन्या सवयीनं गोंदियाहून पोलीस आणले. पुरुषोत्तम सकाळी सकाळीच माझ्या दारात हजर!

“सुषमे, जिल्हा फुटला ना! आता गोंदियाचा पोलीस आपल्या मुर्द्याले हात लावू शकत नाही!”

देवानंद नंतर म्हणाला, “याच्या घरी देव बी अर्ज केल्याशिवाय पावत नसन!” हसलो खूप, पण त्या लाल पेनानं माझ्या किती चुका झाकल्या ते माझं मला माहीत आहे.

*

ज्यांचा मी पहिल्याच पानावर खून केला, ते आमचे शिपाई गोविंदकाका अजून ठणठणीत आहेत. त्यांना न सांगता मारणं बरं वाटेना, म्हणून एका रविवारी त्यांना बोलावलं. काका शांतपणे ऐकून घेत होते.

“मारलं त मारलं, पोरी,” ते शेवटी म्हणाले. “पण माही घंटा कुठं आहे ते लिव्हलं का?”

“नाही काका. ते अजून मलाच माहीत नाही.”

“मंग कायची रहस्यकथा?”

सगळे हसले. पुरुषोत्तमला मात्र पोह्यातली मिरची लागली आणि तो पाणी प्यायला आत गेला. बराच वेळ आला नाही.

*

आता देवानंदचं. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडईची जत्रा भरते, नाटकं होतात. देवानंद दरवर्षी खलनायक. त्याच्या एंट्रीला बाया पोरांचे डोळे झाकतात, याचा त्याला भारी अभिमान!

नामदेव निर्दोष सुटणार हे कळलं आणि त्याचं तोंड पडलं.

“हिरो कोणी बी होते. खुनी मलेच कर!”

“तुला नाही करणार.”

“काहून? माह्यात काय कमी आहे?”

मी कारण सांगितलं नाही. तो रुसला. दोन रविवार आला नाही. त्याच्याशिवाय पोहे कोणाच्या घशाखाली उतरेनात. शेवटी मी मिलमध्ये गेले. मशीनचा एवढा आवाज, की जे इतकी वर्षं पोटात होतं ते सगळं त्याच्या कानाशी ओरडून सांगावं लागलं. आणि नेमकी त्याच वेळी लाइट गेली! मशीन बंद. अख्ख्या मिलमध्ये फक्त माझाच आवाज: “तेव्हा बोलले नाही, देवा, माफ कर मला!”

हमाल पोती पाठीवर घेऊन जागीच थांबले.

देवानंदनं हात पुसले. “रविवारी तर्री जरा तिखट कराले सांग,” म्हणाला.

मी रडतच घरी आले. इतकं हलकं मला कधीच वाटलं नव्हतं.

*

त्या रविवारी अकरावं प्रकरण होतं. देवानंद वेळेआधीच आला. पुरुषोत्तम उशिरा, हातात बारदान्याचं बांधलेलं पोतं. त्यानं माझी पानं माझ्या हातात दिली आणि दाराशीच उभा राहिला.

मी वाचायला लागले. पानामागून पान गेलं, एकही लाल शेरा दिसला नाही. मी त्या वाक्यापर्यंत आले: ‘नामदेवनं घंटा घेतली नाही, सर!’

त्या वाक्यासमोर समासात लाल पेनानं लिहिलं होतं: ‘पुरावा सोबत जोडला आहे.’

मी तेही मोठ्यानं वाचलं. पुरुषोत्तमनं पोत्याचं तोंड सोडलं. घंटा शालूच्या फरशीवर ठेवताना ती वाजली, आणि आम्ही चौघंही एकदम दहावीत गेलो.

“गणिताचा पेपर होता,” पुरुषोत्तम म्हणाला. “वाटलं, घंटा नाही वाजली त पेपर नाही होणार. मंग देवाले मारलं, अना माही जबानच बसली. मंग रोज वाटे, उद्या सांगतो.”

शालू डोळे पुसत होती. देवानंद पोहे खात होता.

“तुले काहीच नवल नाही वाटत काबे?” शालूनं त्याला विचारलं.

“कायचं नवल? म्या पाहलं होतं त्याले घंटा काढताना.”

“मंग बोलला काहून नाही?”

“दोघाले मार बसला असता. एकातच भागलं ना!”

त्यानं प्लेट खाली ठेवली, पुरुषोत्तमला हात धरून आपल्याशेजारी बसवलं आणि माझ्याकडे वळला.

“सुषमे, याचं नाव टाकू नोको. खुनी मलेच कर. मले सवय आहे.”