पाखरांच्या पुस्तकाचा चोर

पुस्तक चोरीला गेलं म्हणून पेढे वाटणारा प्रकाशक अख्ख्या वर्धा जिल्ह्यात एकच असेल, आणि तो नेमका आमच्या थोरल्या बहिणीच्या वाट्याला आला. भाऊजींचं देवळीत कापडाचं दुकान. तिथे कमवायचं आणि पुस्तकं छापण्यात घालवायचं, असा सरळ कारभार. एका मास्तरांनी जन्मभर रानोमाळ हिंडून आपल्या भागातल्या पाखरांवर लिहिलेलं पुस्तक त्यांनी छापलं आणि मग ते वाटतच सुटले. आर्वीच्या एसटीत शेजाऱ्याच्या मांडीवर ते पुस्तक ठेवायचे आणि उतरताना अभिप्राय मागायचे. लग्न कोणाचंही असो, आहेर पाखरांचा. वऱ्हाडी मंडळी आत पाकीट असेल म्हणून पानं झटकून बघत. उरलेल्या गठ्ठ्यांवर गादी टाकून पिपरी मेघे गावातल्या घरात त्यांनी सोफा केला होता, आणि आम्ही सगळे त्या पाखरांवर बसून चहा प्यायचो.

फोनवरच्या पुस्तकांचा त्यांना भारी तिटकारा. "फोनमधलं पुस्तक म्हंजे फोटोतलं भरीत. वास नाई का चव नाई," हे येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नसे. पण एका पावसाळ्यात सोफ्यावर बसलेले व्याही बोलता बोलता खाली गेले. आत वाळवीने सगळे गठ्ठे फस्त केले होते. मास्तर केव्हाच वारलेले, त्यांच्या घरीही प्रत नव्हती. नातेवाइकांकडे आहेरातली शोधली, तर एकाच्याही घरी निघाली नाही. भाऊजी जेवेनात. तेवढ्यात माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर तेच पुस्तक आलं, कोणीतरी पानापानाचे फोटो काढून पीडीएफ केलेलं. आता हे पोलिसात जातात की काय, अशा धाकधुकीत मी फोन पुढे केला. भाऊजींनी चष्मा पुसून ते पाहिलं आणि ताईला पेढे आणायला पिटाळलं.

पण फोटो काढणाऱ्याकडून एकदा दोन पानं एकदम उलटली गेली होती, आणि त्यात टिटवी हरवली होती. "टिटवीसाठी मास्तर नदीच्या रेतीत झोपले होते, बाप्पा. ते गेलं त मास्तरच गेले." मूळ प्रत कोणाकडे आहे, याचा माग एकच. प्रत्येक फोटोत पान दाबून धरलेला अंगठा, नखाला हळद लागलेला. "बाईमाणूस आहे. नखाले हयद आहे, सैपाकातून उठून फोटो काढून राह्यली," भाऊजींनी निदान केलं. तेव्हापासून लग्नात अक्षता टाकायच्या सोडून ते बायकांचे अंगठे न्याहाळू लागले. ताई म्हणायची, "वय झालं म्हणून लोक गप आहेत." शेवटी त्यांनी मला प्रत्येक ग्रुपवर टाकायला लावलं, 'चोराले विनंती. रागावत नाई. टिटवीची पानं टाकजो.' खाली स्वतःचा नंबर.

कापूस निघायच्या दिवसांत त्यांच्या फोनवर एक फोटो आला. तीच टिटवी, तोच अंगठा. खाली लिहिलं होतं, 'माह्या लग्नात तुमीच आहेर देल्ला होता, दादा. पोरगी शिकायले पुण्याले गेली, तिच्यासाठी फोटो काढले. पुढं कसे गेले, मले मालूम नाई.'

"नाव तरी विचारू का?" मी म्हटलं.

"नको. कामात असन ते." भाऊजींनी फोन नाकाशी धरला. मग हळूच म्हणाले, "हयदीचा वास येते रे याले." त्यांची चेष्टा करायची इतक्या वर्षांची सवय, पण त्या दिवशी मला हसू आलं नाही.