फॉग लॅम्पने मान वळवली

सोलापूर शहर आणि जिल्ह्यातील तमाम मोटारमालक, मोटार हाकणारे आणि दुसऱ्याच्या मोटारीत फुकट बसणारे यांना अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, फॉग लॅम्प नावाचा पिवळ्या काचेचा दिवा मोटारीच्या डोक्यावर बसवू नये! तो खाली, बंपरला बसवावा. त्याचं तोंड रस्त्याच्या डाव्या कडेकडे आणि किंचित जमिनीकडे झुकलेलं ठेवावं. एवढं सगळं केल्यावर त्याने आपण होऊन मान वळवली, तर... तर काय करावं हे मात्र मलाही ठाऊक नाही.

मी सुताचा व्यापारी. मुंजा, हडळ, चकवा हे सगळे प्रकार मी आजवर चहाबरोबर ऐकले आणि वर मीठमसाला टाकून पुढच्याला सांगितले. विश्वास मात्र कधी ठेवला नाही. माझ्या तोंडून भुताची गोष्ट ऐकून घाबरलेली माणसं पाहिली की मला काय आनंद व्हायचा म्हणता! आता घाबरलेला मी असतो आणि मजा लोक बघतात.

तर तो दिवा. सेकंडहँड मोटार घेतली तेव्हा तिच्याबरोबर तो आला. क्लबातले मित्र पोट धरधरून हसले. "सोलापुरात धुक्याचा दिवा? अरे, उद्या होडी घेशील!" आमच्याकडे ऊन इतकं की सावलीलाही घाम फुटावा. धुकं कुणी पाहिलंय? पण मला तो दिवा आवडला. पिवळाधमक, पितळी कडीचा!

विकणाऱ्याने तो खाली, चाकाजवळ बसवून दिला होता. दसऱ्याला मोटारीची पूजा करताना आमच्या सौभाग्यवतींनी ते पाहिलं आणि हातातलं तबक तसंच धरून मला विचारलं, "दिवा म्हणजे लक्ष्मी ना? आणि तिला पायाशी बसवलंत? तिथं चिखल उडणार, गल्लीतली कुत्री येऊन जाणार... काही वाटतं का तुम्हाला?" मला काही वाटत नव्हतं, पण तसं सांगण्याची ती वेळ नव्हती. दिवा काढला आणि पुढच्या काचेच्या चौकटीवर, अगदी मधोमध बसवला. मोटार मुकुट घातल्यासारखी दिसू लागली. दिव्याला हळदकुंकू लागलं. प्रश्न मिटला.

मार्गशीर्षात माझ्या धाकट्या बहिणीला, गोदीला, पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आणायला मी वेळापूरला गेलो. सकाळी जेवून निघायचं ठरलं होतं. पण पहाटेच तिच्या पोटात कळा सुरू झाल्या, दिवस भरायच्या आधीच. सुईण आली, तिनं पोट चाचपलं आणि तोंड बारीक करून बाहेर आली. "मूल आडवं हाय. माज्या हातचं न्हाय हे. सोलापूरच्या डॉक्टरीणबाईकडं न्या, आत्ताच्या आत्ता."

गोदीला मागच्या सीटवर निजवली. तिचं डोकं मांडीवर घेऊन तिची सासू बसली. मेहुणे सामान घेऊन मागच्या सर्व्हिस मोटारीनं, म्हणजे भाड्याच्या बसनं, येणार होते. उजाडायला लागलं होतं... म्हणजे लागायला हवं होतं. गाव सुटलं, पाटाच्या कडेचा रस्ता लागला, आणि समोर काही नाहीच! नुसतं पांढरं. पाटाचं पाणी आल्यापासून त्या बाजूला हिवाळ्यात धुकं पडतं, हे मी ऐकून होतो. पण हे म्हणजे कुणीतरी मोटारीवर धुतलेलं धोतर वाळत घातल्यासारखं होतं.

मोठे दिवे लावले. समोर पांढरी भिंत! मग मोठ्या ऐटीत मुकुटावरचा फॉग लॅम्प लावला. आता पिवळी भिंत!

"पाव्हणं, थांबलात का?" मागून विहीणबाई.

"दिसत नाही, काकी."

"मंग त्यो दिवा काय शोभंला हाय व्हय?"

होय, शोभेलाच होता. डोक्यावरचा उजेड डोळ्यांपुढच्या धुक्यालाच उजळत होता, रस्त्यापर्यंत पोचतच नव्हता. मी पाना घेऊन उतरलो, लक्ष्मीची मनोमन क्षमा मागितली, दिवा काढून खाली बंपरला बसवला, डाव्या कडेवर झुकवला. मोठे दिवे मालवले. आणि काय सांगू! धुक्याच्या पोटाखालून उजेड सरपटत गेला आणि रस्त्याची कड दिसायला लागली. खडी, गवत, दगड, सगळं लख्ख! मी त्या कडेला धरून मोटार सोडली. मागे गोदी कण्हत होती. प्रत्येक खड्ड्याला माझ्याच पोटात कळ येत होती.

थोडं गेलो असू. कड दिसेनाशी झाली. उजेड रस्त्याच्या मध्यावर आला होता. वाटलं, नट ढिला राहिला. उतरलो, दिवा डावीकडे वळवला, नट आवळला. निघालो. पुन्हा तेच. उजेड हळूहळू, अगदी माणूस मान वळवतो तसा, उजवीकडे सरकला. पुन्हा उतरलो. नट हलेना! पान्यावर पाय देऊन ढिला केला, दिवा जागेवर आणला आणि कण्हत कण्हत आवळला.

"अवो, पोरगी हितं जीव टाकायला लागलीय आन् तुमी दिव्याशी काय कुस्ती खेळताय!"

निघालो. या वेळी मी डोळे फाडून दिव्याकडेच बघत होतो. खड्डा नव्हता, धक्का नव्हता. आणि दिवा वळला... माझ्या डोळ्यांदेखत! थेट उजवीकडे, रस्ता सोडून. त्या उजेडात एक गाडीवाट दिसत होती, शेतात उतरणारी. बैलगाड्यांच्या चाकोऱ्या, बाकी काही नाही.

पुन्हा उतरायची हिंमत नव्हती. गोदी ओरडली, "दादा, चल ना रे कुठंतरी!" मी स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं.

चाकोरीतून मोटार धडपडत निघाली. थोड्याच वेळात डावीकडे पाण्याचा आवाज आला. धुकं तिथं जरा फाटलं होतं. पलीकडे आमचा मूळ रस्ता दिसला, आणि त्यावरची मोरी, तो पाण्यावरचा छोटा पूल... मोरी नव्हतीच. रात्रीत पाट फुटून तिचा डावा निम्मा भाग गेला होता. खाली तांबडं पाणी उसळत होतं. आम्ही डाव्या कडेला धरून गेलो असतो, तर अगदी त्याच बाजूनं तिघं, नव्हे चौघं, आत गेलो असतो.

मी स्टिअरिंग घट्ट धरून चाकोरी सोडली नाही. वाट त्या पाण्याला वळसा घालून पुढे परत रस्त्याला मिळाली. आणि वाचकहो, रस्ता लागताच तो दिवा पुन्हा हळूहळू डावीकडे वळला. मी बसवला होता त्याच जागी जाऊन थांबला!

पुढे मिस्त्रीला दाखवलं. नट सोडवायला त्याला दुसरा माणूस बोलवावा लागला. क्लबातल्या मित्रांनी पुष्कळ कारणं काढली. हादरे, वारा, माझी घाबरलेली नजर. हादऱ्याने दिवा हलेल हो! पण दर वेळी एकाच बाजूला? आणि गरज संपल्यावर परत जागेवर? एवढं विचारलं की ते चहा मागवतात.

सोलापूरला पोचलो तेव्हा ऊन रणरणत होतं. गोदीला आत नेली. मी दवाखान्याच्या पायरीवर बसलो. बऱ्याच वेळानं डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत."

विहीणबाईंनी डोळ्यांना पदर लावला. पायऱ्या उतरून त्या मोटारीपाशी गेल्या. गडबडीत मी दिवा मालवायचाच विसरलो होतो. भर उन्हात तो बिचारा पिवळा पिवळा जळत होता. त्यांनी त्याच्या पितळी कडीवरचा चिखल हातानं पुसला, मग माझ्याकडे वळून भर रस्त्यात ओरडल्या, "अवो पाव्हणं, आता तरी त्याला मालवा की... लई दमला आसंल त्यो!"