तंबू उभा राहिला तो शनिवार

माझी वहिनी एका छापखान्यात प्रुफं तपासते. एकोणीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधून तिची नजर अशी झाली आहे, की घरात वाकडी टांगलेली दिनदर्शिकासुद्धा तिला जेवू देत नाही. अशा बाईने शनिवारच्या दुपारी आठ-नऊ वर्षांच्या चौदा स्काउटांना मदत आणि सहकार्य शिकवायचं अंगावर घेतलं. कोणी सांगितलं होतं कोण जाणे.

"भाऊजी, एकाला म्हटलं दोरी धर, की चौघं धरतात आणि पाचवा रडतो," ती घरी येऊन सांगायची. "मदतीवरनं मारामारी! आज दोघांनी एका आजोबांची पिशवी दोन्हीकडून ओढली. बंद फाटला. आजोबा मलाच बोलले."

खरं सांगायचं तर दोष थोडा तिचाही होता. पोरांचा संथपणा तिला बघवायचा नाही. गाठ चुकली, की पोराच्या हातातून दोरी काढून ती स्वतःच बांधायची. चटया तीच घालायची, पाण्याचं पिंप तीच भरायची. दादा एकदा म्हणाला, "अगं, मदत करायला शिकवतेस की करून घ्यायला?" दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही.

त्या शनिवारी पाच वाजता पालक येणार होते. शाळेच्या मागच्या पटांगणात तंबू हवा होता. तो तिने दुपारीच एकटीने उभा केला. मी पिंप पोचवायला गेलो आणि तिथेच बसलो.

चार वाजता बँडेजचा पाठ सुरू झाला. पेशंट कोणी व्हायचं यावर इतकी भांडणं झाली, की वैतागून ती म्हणाली, "मीच होते पेशंट. या!" ती बाकावर बसली. मग एका गटाने उजवा हात झोळीत अडकवला, दुसऱ्याने डावा. उरलेल्यांनी रुसू नये म्हणून तिने पाय पुढे केला. त्याला पुठ्ठ्याच्या पट्ट्या लावून घोट्यापासून गुडघ्यापर्यंत गुंडाळलं.

एवढ्यात आणखी पट्ट्या आणायला धावलेला एक पोरगा तंबूच्या दोरीत अडकून आडवा झाला. त्याला काही लागलं नाही, पण तंबू मात्र खाली बसला.

"सोडा मला! आधी सोडा!" वहिनी ओरडली.

तिघांनी तीन बाजूंनी ओढलं आणि गाठी आणखी आवळल्या. मी उठलो, तर चिमुरडी एक मुलगी माझ्यापुढे उभी राहिली. फटाक्यासारख्या आवाजामुळे तिला सगळे लवंगी म्हणायचे. "काका, पेशंटला हलवायचं नसतं. ताईंनीच सांगितलंय."

मी बसलो. कात्री प्रथमोपचाराच्या पेटीत होती, मला दिसतही होती. पण मी बसलो.

मग वहिनीने बसल्या जागेवरून हुकूम सोडायला सुरुवात केली. "मधला खांब आधी! ए, हातोडा ठेव! अरे, दोरी का सोडलीस?" प्रत्येक हुकमाला सगळेच धावायचे, आणि धरलेलं होतं ते सोडायचे. खांब दोनदा पडला. पावणेपाच झाले. वहिनीला घाम फुटला.

शेवटी लवंगी कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "ताई, तुम्ही जरा गप्प बसा ना! तो काय म्हणतोय ते ऐकूच येत नाहीये."

वहिनीने आ वासला. मला वाटलं, आता काही खरं नाही. पण ती खरंच गप्प बसली. ओठ इतके घट्ट मिटले होते, की पांढरे पडले.

तो म्हणजे पथकातला सगळ्यात जाडा मुलगा. खांबाला मिठी मारून तो मघापासून सांगत होता, "मी हलत नाही. तुम्ही चारी बाजूंना जा आणि तीन म्हटल्यावर ओढा." आता ते सगळ्यांना ऐकू आलं. तीन म्हटल्यावर निम्म्यांनी ओढलं, निम्म्यांनी चारला. पण तंबू उठला. लवंगीने एकाचा हातोडा हिसकावून मेखा ठोकल्या. ज्याचा हातोडा हिसकावला होता, त्यानेच मेख धरली.

पालक आले. बाकावर बांधून ठेवलेली बाई पाहून एक वडील घाबरले. "बापरे, काय झालं तुम्हाला?"

"काही नाही," वहिनी दात आवळून म्हणाली. "शिकवतेय."

घरी येताना ती नुसती धुमसत होती. "मेखा तिरक्या. एक कोपरा लोंबकळता. सात चुका, भाऊजी! आणि तुम्ही बघत बसलात!" मी मान्य केलं. थोडं चालल्यावर ती पुटपुटली, "त्या जाड्याला मी कधी बोलूच दिलं नव्हतं."

पुढच्या शनिवारी ती घरी आली ती डोकं धरूनच. बूटही न काढता खुर्चीत बसली.

"अडीच तास! मी वीस मिनिटांत करते तो तंबू. अडीच तास मी लांब उभी राहिले, एका शब्दाने बोलले नाही. माझं मलाच माहीत!"

दादाने चहाचा कप तिच्या हातात दिला. "मग, उभा राहिला का?"

"राहिला की," ती म्हणाली. "दार शाळेच्या भिंतीला चिकटून."

"मग आत गेले कसे?"

"खालून. सरपटत. आणि खूश होते मेले."