इटलीच्या डोंगरावर वीस कॅरेट

"तुम्ही बसनेच चला. तिकडे तुमचं खोकेवाल्याचं इंग्रजी चालायचं नाही," असं माझे साडू मला म्हणाले. जहाजावरच्या जेवणाच्या टेबलावर, आमच्या ग्रुपच्या बारा माणसांसमोर. सगळे हसले. मी चमचा ताटात टाकला आणि उठून गेलो. त्या वाक्याचा राग अजून आहे.

साडू मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. मी दिंडोरी भागात द्राक्षाच्या पेट्या गाडीत चढवण्यापासून सुरुवात केली, आता द्राक्षांसाठी लागणारी खोकी बनवायचा माझा कारखाना आहे नाशकात. घासाघीस केल्याशिवाय मी आयुष्यात काही घेतलेलं नाही. या सहलीतही एजंटाला तीन वेळा रडवलं होतं.

भांडण झालं ते बायकोपायी. त्या दिवशीच्या बंदरावर आम्ही जहाजाच्या बसमधून फिरलो. रस्त्याला दोन्ही बाजूंना द्राक्षबागा होत्या आणि तोडणी चालू होती. बायको काचेला नाक लावून म्हणाली, "अहो, बस थांबवायला सांगा ना. दोन मिनिटं." लग्नाआधी आणि नंतरही कितीतरी वर्षं ती दिंडोरीच्या बागांत विरळणीला, तोडणीला जायची. गाईड म्हणाली, थांबा नाही. बस दुकानापाशी मात्र दीड तास थांबली. संध्याकाळी मी जाहीर केलं, उद्या आम्ही दोघं आपलंआपण जाणार, आगगाडीने. त्यावर साडूंचं ते वाक्य.

दुसऱ्या दिवशी इटलीतल्या ला स्पेत्सियाला जहाज लागलं. पाच वाजता परत चढायचं, एक मिनिट उशीर झाला तर जहाज निघून जाईल आणि पुढच्या बंदरापर्यंत तुमचं तुम्ही या, असं जहाजाने दिलेल्या कार्डावर लिहिलेलं. साडू बसमध्ये चढता चढता म्हणाले, "पासपोर्ट जवळ ठेवा. विमानाने यावं लागेल."

"तुम्ही दुकानं मोजा," मी म्हणालो.

स्टेशनपर्यंत चालत गेलो. तिथली पद्धत वेगळी. तिकीट काढून भागत नाही, फलाटावरच्या लहान यंत्रात घालून त्यावर वेळेचा शिक्का मारून घ्यायचा, नाहीतर दंड. एका कॉलेजच्या मुलीने आमचं तिकीट घेऊन शिक्का मारून दिला आणि आभार मानायच्या आत निघूनही गेली. गाडी ठरल्या मिनिटाला आली. इगतपुरीहून खाली उतरताना लागतात तसे बोगदे, पण इथे बोगदा संपला की दरीऐवजी समुद्र. पाच सेकंद निळं, परत काळोख, परत निळं. बायको प्रत्येक वेळी "अगंबाई" म्हणायची. मी चौथ्या वेळी म्हणालो, "तोच समुद्र आहे तो." ती म्हणाली, "तुम्ही गप्प बसा."

उतरलो ते समुद्रालगतचं गाव. मागे उभा डोंगर आणि डोंगरभर दगडी बांध, एकावर एक, थेट आभाळापर्यंत. आमच्या हरसूलकडच्या डोंगरांवर भाताचे तुकडे असतात, पण असा हातभरही जागा न सोडता बांधलेला डोंगर मी पाहिला नव्हता. चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड. ज्यांनी हे केलं त्यांना मी मनातल्या मनात हात जोडले. धंद्यात मी हात फार कुणाला जोडत नाही.

बागा वर होत्या. स्टेशनबाहेर एक टॅक्सी उभी होती. ड्रायव्हरला इंग्रजी माझ्याइतकंच येत होतं, म्हणजे आकडे, येस आणि नो. त्याने छापील दरपत्रक दाखवलं. मी कमी सांगितलं. त्याने त्याच आकड्यावर परत बोट ठेवलं. चढ बघून मी ऐकलं, पण ठरवलं की येतानाचा भाव वर पोचल्यावर काढू.

वर त्याने खुणेने विचारलं, थांबू का? मी निम्मा आकडा सांगितला. नो. थोडा वाढवला. नो. मग मी तेच केलं जे आयुष्यभर करत आलो. बायकोचा हात धरला आणि पाठ फिरवून चालायला लागलो. सावकाश. आपल्याकडे दहा पावलांत मागून हाक येतेच, "ओ शेठ, या इकडे, काय द्यायचं ते द्या." मी पावलं मोजत होतो. आठव्या पावलाला गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. वळून बघितलं तर माणूस हात हलवून, हसून, उतारावर निघालेला. ना राग, ना टोमणा. जाणारं गिऱ्हाईक जातं, इतकंच त्याला कळलं.

"बोलावलं का त्याने?" बायकोने विचारलं.

"येईल परत."

"हो, चहा घेऊन येईल," ती म्हणाली आणि बागेकडे वळली.

तिथलं मला विसरता येणार नाही. मांडव आपल्यासारखेच, पण आपले डोक्यावर आणि त्यांचे जेमतेम कंबरेला, समुद्राच्या वाऱ्यापायी असावं. माणसं खाली वाकून, गुडघ्यावर बसून घड तोडत होती. एक म्हातारा, त्याची म्हातारी आणि आणखी दोन बायका, एवढेच. माझी बायको बांधापाशी उभी राहून बघत राहिली. म्हातारीने तिच्याकडे पाहिलं. बायकोने दोन बोटांनी कात्री चालवल्याची खूण केली. म्हातारीने खिशातली दुसरी कात्री काढून तिच्या हातात दिली. ना कुठलं गाव विचारलं, ना काही.

ही साडीचा पदर खोचून आत शिरली. पंधरा-वीस वर्षांत तिने बागेत काम केलेलं नाही. पण हात विसरले नव्हते. डाव्या हाताने घड खालून तोलायचा, देठाजवळ कात्री, कुजका मणी असेल तर टोकाने काढून टाकायचा, घड अलगद कॅरेटमध्ये. आमच्याकडे प्लास्टिकच्या पेटीला कॅरेट म्हणतात, ती तिथेही तशीच, फक्त लाल. म्हातारी तिचा हात बघत होती. मग दुसऱ्या बाईला काहीतरी म्हणाली आणि दोघींनी माना डोलावल्या. मी बांधावर बसून बघत होतो. बायको घामाघूम झाली होती, आणि इतकी खूश मी तिला पोरांच्या लग्नातही पाहिली नव्हती.

घड्याळाकडे लक्ष गेलं तेव्हा साडेतीन वाजून गेले होते.

रस्त्यावर टॅक्सी नाही. बसच्या थांब्यावरच्या कागदाप्रमाणे पुढची बस पाचला. पायवाट म्हणजे हजारेक पायऱ्या, आणि बायकोचे गुडघे मला माहीत. डोळ्यांसमोर जहाजाच्या कठड्यावरचे साडू आले. म्हाताऱ्याकडे तीनचाकी टेम्पो होता, भाजी मंडईत फिरतो तसाच. मी कार्डावरचा पाचचा आकडा दाखवला, खाली स्टेशनकडे बोट केलं आणि पाकीट काढलं.

म्हाताऱ्याने पाकिटाकडे बघितलं नाही. त्याने माझं मनगट धरलं, घड्याळ बघितलं आणि दाढी खाजवली. तेवढ्यात मला कळलं, हा आपल्यातला आहे. समोरच्याची नड कळल्यावर माझा चेहरा असाच होतो.

उतारावर एक रूळ होता, त्यावरून छोटा गाडा भरलेली कॅरेट खालून वर आणत होता. म्हाताऱ्याने कॅरेटकडे बोट केलं, मग टेम्पोकडे, आणि दोन्ही हातांची बोटं तीन वेळा उघडली. तीस. तीस कॅरेट चढव, मग निघू.

मी एकदा उघडली. दहा.

त्याने आभाळाकडे बघितलं, समुद्राकडे बघितलं, मग माझ्या घड्याळाच्या काचेवर टिचकी मारली. तीस.

मी पाठ फिरवणार होतो, पण जाणार कुठे? पंधरा केली. त्याने डोकं हलवलं आणि चक्क पाठ फिरवून मांडवाकडे चालायला लागला. सावकाश. मला माझीच चाल दाखवत होता. सहाव्या पावलाला मीच हाक मारली, "ओ बाबा!" आणि वीस बोटं दाखवली. म्हातारा वळला, हातावर टाळी दिली. बायको मांडवाखालून खो-खो हसत होती.

"भेटला का जोडीचा?"

"हस, हस. उचल तूपण."

मी शर्टाच्या बाह्या वर केल्या. पहिल्या पाच कॅरेटला पाठीने शिव्या दिल्या, पुढे गुडघ्यातून उचलायची जुनी सवय परत आली. म्हातारा प्रत्येक कॅरेट थप्पीत नीट बसलं का हात लावून बघायचा, एक तिरकं लागलं तर परत काढायला लावलं. मला राग यायला हवा होता. पण माझ्या गोदामात मी हेच करतो.

टेम्पोत पुढे एकच जागा, तिथे बायको. मी मागे कॅरेटना धरून. इतक्या वळणांवरून म्हाताऱ्याने गाडी नेली, पण एक मणी खाली पडला नाही. स्टेशनावर उतरवून त्याने बायकोच्या हातात दोन घड ठेवले. मला काहीच दिलं नाही. सौदा वीस कॅरेटचा झाला होता.

गाडी आली, शिक्का मी स्वतः मारला. बंदराच्या फाटकातून पळत शिरलो तेव्हा पाचला सात मिनिटं कमी. जहाजाच्या शिडीजवळ साडू उभे होते. वर गेलेच नव्हते. घामाने शर्ट ओला, आणि शिडीवरच्या अधिकाऱ्याशी इंग्रजीत भांडत होते, आमची दोन माणसं यायची आहेत, शिडी काढाल तर बघा.

आम्हाला बघून माझ्यावरच ओरडले, "अहो, घड्याळ आहे की नाही?"

"आहे. त्यापायीच वीस कॅरेट उचलली," मी तितक्याच मोठ्याने ओरडलो. आभार मानायचं माझ्या तोंडात आलं होतं, पण आवाज चढला की माझा उतरत नाही.

वर फळं नेऊ देत नाहीत, म्हणून बायकोने घड तिथेच वाटायला काढले. "घ्या दाजी," म्हणत तिने एक घड साडूंच्या हातात दिला. साडूंनी चार मणी तोंडात टाकले, बिया थुंकल्या आणि म्हणाले, "आपल्या दिंडोरीची याहून गोड."

"ही वाईनची द्राक्षं आहेत, खायची नव्हेत," मी म्हणालो. "आणि ती आमची मजुरी आहे. नावं ठेवायची तर परत द्या."

त्यांनी घड परत दिला नाही. शिडी चढेपर्यंत खात होते.