स्प्रिंगची गठाण

दिग्रसच्या आमच्या मिस्त्रीकडे स्वतःचा एकच पाना होता, आणि तोही कुणाला तरी परत द्यायचा राहिलेला. बाकी हत्यारं गावभर पसरली होती. ती हत्यारं आहेत, एवढंच गावाला ठाऊक नव्हतं. बैलगाडीचं जू ही त्याची पहार, फुटका पाटा ही ऐरण. "काय नाही ते सांगू नको," तो म्हणायचा, "काय आहे ते बोल."

एकोणीसशे साठच्या आसपास मी तिथल्या डॉक्टरीणबाईंचा ड्रायव्हर होतो. त्यांच्या विलायती मोटारीचा पुढचा डावा शॉकप, म्हणजे चाकाचे धक्के झेलणारा दांडा, निकामी झाला, तोही नेमक्या वाईट आठवड्यात. आर्णीपलीकडच्या तांड्यावर एका सुनेचे दिवस भरले होते. आधीची दोन बाळं जन्मतानाच गेलेली. या वेळी येतेच, असा बाईंनी शब्द दिला होता. नवा शॉकप नागपूरहून आला. पण त्याच्याभोवतीची जाडजूड स्प्रिंग दाबून धरायचं यंत्र कुठून आणणार? न दाबता वरचा नट सोडला, तर स्प्रिंग माणसाचं डोकंच घेऊन जाणार.

मिस्त्रीने जुवाने मोटार उचलून दगडांवर टेकवली, स्प्रिंगसकट शॉकप उतरवला, खांद्यावर टाकला आणि थेट जिनिंगमध्ये कापसाच्या गठाणी दाबायच्या प्रेससमोर जाऊन उभा राहिला.

"कापूस दबते, तं हे काहून नाही दबणार?"

"अरे, माणूस मरन इथं," मॅनेजर म्हणाले.

"मरीन तं मी मरीन. तुमी कायले कापसावानी पांढरे पडून राह्यले?"

दोन गठाणींच्या मधल्या वेळात प्रेस खाली आली. स्प्रिंग दबली. मिस्त्रीने वेटोळ्यांतून गठाणीच्या लोखंडी पट्ट्या ओवून आवळल्या. पहिलीच टण्णकन तुटून भिंतीत रुतली आणि मॅनेजर गठाणीमागे अंतर्धान पावले.

"पुन्हा," मिस्त्री म्हणाला, आणि दुप्पट पट्ट्या बांधल्या. नट सुटला, जुना शॉकप निघाला, नवा बसला. नट आवळून त्याने सगळं परत प्रेसखाली धरलं आणि एकेक पट्टी कापली.

शॉकप मोटारीला चढवून निघालो, तेव्हा तो पुढे, डाव्या बाजूला बसला. बाई म्हणाल्या, "मिस्त्री, मागं बसा."

"स्प्रिंग मोडली तं पयले मले लागू द्या."

रस्ताभर तो चाकाकडे कान लावून होता. दुपारी पोचलो. बाई आत गेल्या. बऱ्याच वेळाने झोपडीतून रडणं ऐकू आलं, आणि सासू दारात येऊन म्हणाली, "पोरगी आहे. जित्ती आहे."

मिस्त्रीने पाणी मागितलं. तांब्या तोंडापर्यंत जाईना, इतके त्याचे हात थरथरत होते. मी तांब्या धरला, तेव्हा प्याला.

"कोनाले सांगजो नको, डायवर."

माझ्यासारख्या बडबड्याला फार जड गेलं, पण तो होता तोवर नाही सांगितलं.