काल काय काय खाल्लंत?

माझी मुलगी जन्मली तेव्हा आम्ही विक्रोळीला चाळीत दोन खोल्यांत राहत होतो. नवरा कारखान्यात कामाला. सासरे गिरणी बंद पडल्यापासून घरीच, बहुतेक वेळ बाहेरच्या गॅलरीत पेपर धरून बसलेले. आणि सासूबाई. त्यांचं अर्धं आयुष्य मुंबईत गेलं होतं, पण बोलणं अजून मालवणातच होतं.

प्रसूतिगृहात एक डॉक्टरीणबाई खाटांमधून फिरत होत्या. बाळंतीण आणि तिचं मूल पहिल्या वर्षात काय खातात, कसे वाढतात, किती आजारी पडतात याचा त्यांचा अभ्यास चालला होता. "आमची मुलगी महिन्यातून एकदा घरी येईल. चार प्रश्न विचारेल, वजनं करेल. टोचायचं-बिचायचं काही नाही," त्या म्हणाल्या. मी हो म्हणून मोकळी झाले. घरी आधी विचारायला हवं होतं, हे परत येताना रिक्षात लक्षात आलं.

अभ्यासाची मुलगी आली ती खांद्याला भलीमोठी पिशवी लावून. कांदिवलीची, नुकतं कॉलेज संपवलेली, बोलायला गोड. तिने पिशवीतून एकेक वस्तू काढून जमिनीवर मांडली. वजनाचा काटा, त्याला टांगायची झोळी, मोजायची टेप, आणि मग लहान-मोठ्या वाट्या, पळ्या, चमचे.

"ही भांडी विकूक इली काय गो?" सासूबाईंनी मला विचारलं, तिच्यासमोरच.

"नाही आजी, ताई किती जेवतात ते मापायला आणल्यात."

सासूबाईंनी मधली वाटी उचलून पाहिली. "एवढ्याशा वाटयेत आमच्यात मीठ ठेवतत."

बाळाच्या वजनावरून पहिल्याच दिवशी तह करावा लागला. तान्ह्या पोरीला वाण्याच्या सामानासारखं लटकवायचं, वर आकडा मोठ्याने बोलायचा, म्हणजे दृष्ट लागायला आमंत्रणच. शेवटी असं ठरलं की आधी काजळाचा टिळा, मग झोळी, आणि आकडा फक्त सासूबाईंच्या कानात. बारशाला आत्या बाळाच्या कानात नाव सांगते, तशी ती मुलगी वाकून सासूबाईंच्या कानात वजन सांगायची. सासूबाई गंभीरपणे मान डोलवायच्या. संध्याकाळपर्यंत तो आकडा नळावरच्या सगळ्या बायकांना पाठ झालेला असायचा. दृष्टीची भीती फक्त काटा लटकत असेपर्यंतच असावी.

त्यानंतर माझी पाळी. "ताई, काल सकाळी उठल्यापासून काय काय खाल्लंत?"

मी तोंड उघडायच्या आत सासूबाई सुरू झाल्या. डिंकाचा लाडू, दोन भाकऱ्या, माशाची कढी, भात, दुपारी अळिवाची खीर. मी ऐकतच राहिले. लाडवांचा डबा घरात होता, खीर शिजत होती, यात खोटं काही नव्हतं. पण खीर पाहुण्यांना जायची, आणि मी ताटावर बसले की पोरगी रडायला लागायची. सगळ्यांचं आटोपल्यावर मी आणि सासूबाई उरलंसुरलं घेऊन बसायचो. तसं का, हे विचारायचं आम्हा दोघींनाही कधी सुचलं नव्हतं.

"आजी, ताईंनीच सांगायला हवं. तसा नियम आहे."

"मी काय खोटा सांगतंय?"

"नाही हो. पण मला ऑफिसात बोलणी बसतील."

सासूबाई उठून गॅलरीत गेल्या. आमची खिडकी गॅलरीवरच उघडत होती, हे त्या मुलीला कोण सांगणार. मी खालच्या आवाजात खरं ते सांगू लागले. सकाळी चहा. मग पुन्हा चहा. दुपारी कढीभात, एवढा. मी लहान वाटीकडे बोट दाखवलं.

"सोलकडी सांगूक इसरलंस," खिडकीतून आवाज आला.

रात्री? रात्री मी भाकरी घेतली होती, पण अर्धी खाऊन झोप लागली होती. मुलगी सामान आवरून गेली. सासूबाई आत आल्या आणि पातेली जरा जास्तच जोरात घासू लागल्या.

मला वाटलं, आता चांगलीच कानउघाडणी होणार. "आमच्या घरात सून उपाशी रवता, असा थय कागदावर लिवतली ती," एवढंच त्या म्हणाल्या. सगळा राग त्या कागदावर होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी सासऱ्यांच्या शेजारी माझं पान मांडलेलं. सासरे बिचारे पाटावर बसता बसता थबकले. सुनेबरोबर जेवायची त्यांना सवय नव्हती. कुठे बघावं ते न कळून ते सगळं जेवण भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत जेवले. पोरगी रडली तर सासूबाई तिला खांद्यावर टाकून चाळीच्या टोकापर्यंत जायच्या आणि तिथून ओरडून विचारायच्या, "खाल्लंस काय?" सगळ्या मजल्याला माझा आहार कळू लागला.

ती मुलगी महिन्यामागून महिना येत राहिली. तिचा आणि सासूबाईंचा चांगलाच सूर जुळला. "लगीन झाला काय गो तुजा?" इथून सुरुवात होऊन गोष्ट सासूबाईंच्या कणकवलीच्या भाच्यापर्यंत गेली. मुलगी हसून टाळायची आणि समोर आलेली खीर संपवायची.

एकदा माझे प्रश्न लवकर आटोपले. सासूबाई काटा पुसत होत्या. सहज म्हणाव्यात तशा म्हणाल्या, "आमका तेव्हा कोण इचारी? आमी जेवलो काय नाय जेवलो."

मुलीने थट्टेत सगळ्या वाट्या त्यांच्यापुढे मांडल्या. "बोला आजी. तुमच्या पहिल्या बाळंतपणात काय काय खाल्लंत?"

सासूबाई खुलल्या. पदर सावरून बसल्या. कोंबडीचा रस्सा, मोठ्या वाटीने तूप, काजू घालून केलेला शिरा. सगळ्यात मोठी वाटी दोनदा उचलली गेली.

"खय होती गो कोंबडी?" गॅलरीतून सासरे म्हणाले. पेपर खाली न करता.

सासूबाई थांबल्या. हातातली वाटी खाली ठेवली. मग ओळीतली लहान वाटी उचलून त्या मुलीपुढे धरली.

"पेज," त्या म्हणाल्या. "पेज आणि सुक्या बांगड्याचो तुकडो. तोव सगळ्यांक वाढून उरलो तर. हे हय गिरणीत, मी गावाक." मग कुणी काही विचारलं नसताना म्हणाल्या, "माका दूदच येय नाय होता. तो झील रवलो नाय."

माझ्या नवऱ्याच्या आधी एक मुलगा जन्मून गेला होता, हे मला लग्न होऊन इतका काळ गेला तरी माहीत नव्हतं. त्या मुलीने कागद पुढे ओढला. हे तिच्या अभ्यासात बसणारं नव्हतं. ती म्हणाली, "आजी, मी लिहून घेऊ का तरीही?" सासूबाई म्हणाल्या, "लिव. आता काय त्याचा."

तिने ते लिहिलं. मग माझ्या मांडीवरच्या पोरीने एक चमचा पळवून तोंडात घातला, आणि सगळ्यांना काहीतरी करायला मिळालं.

दुसऱ्या दिवशी सासरे स्वतः बाजारात गेले. ही घटना एवढी मोठी होती की शेजारीण विचारायला आली, घरी कोण येणार आहे म्हणून. त्यांनी सुरमई आणली. जेवायच्या वेळी ते पाटावर बसले, पण जेवेनात. "तुजा पान खय?" त्यांनी सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, मी मागाहून बसेन. सासरे हात आखडून बसून राहिले. आमटी निवली. शेवटी सासूबाईंनी कपाळाला आठ्या घालून स्वतःचं पान घेतलं आणि आम्ही तिघं एका ओळीत जेवलो. सुरमईचा मोठा तुकडा कुणाच्या ताटात गेला, ते मी पाहिलं.

पोरगी चालायला लागली आणि झोळीत राहीना, तेव्हा आमच्यापुरता अभ्यास संपला. ती मुलगी मानखुर्दकडच्या वस्त्यांत काम करायला गेली. कणकवलीच्या भाच्याचं काही जमलं नाही. अभ्यासाचा निष्कर्ष काय निघाला, ते आम्हाला कुणी येऊन सांगितलं नाही. माझ्या खाण्याचे आकडे मधेच असे का चढले, याचं कोडं त्या डॉक्टरीणबाईंनी कसं सोडवलं असेल, देव जाणे.

चाळीखाली बसणाऱ्या शिंप्याकडे त्या दिवाळीला मी ब्लाउज शिवायला टाकले. त्याने जुन्या मापाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा मापाकडे. सासूबाई मागेच उभ्या होत्या.

"बघतस काय?" त्या त्याला म्हणाल्या. "आत कापड सोडून शिव. अजून जेवतली ती."