दहापट चढ

आमची वहिनी नगरपालिकेच्या गटार विभागात नकाशे करते. पाणी कुठून कुठे वाहील हे सांगणं तिचं काम. स्वभाव तसा थंड, पण कोणी "जागा साधारण सपाटच आहे" म्हटलं की तिच्या कपाळाला आठ्या पडतात. "साधारण म्हणजे काय, भाऊजी? पाण्याला साधारण कळत नाही!" घरात सगळ्यांत रिकामटेकडा मीच, त्यामुळे हे सगळं माझ्याच वाट्याला येतं.

दादा हृदयाच्या दुखण्यातून उठला तेव्हा डॉक्टर म्हणाले, रोज चाला, पण चढ नको. दादाने वाक्याचा पहिला अर्धा भाग सोडून दिला आणि दुसरा धरून घरात बसला. गावाच्या पलीकडच्या टोकाला त्याचा जिवलग मित्र राहतो, घड्याळं दुरुस्त करणारा, म्हणून आम्ही त्याला घड्याळजी म्हणतो. दर रविवारी दादाने त्याच्याकडे जायचं आणि बुद्धिबळाचा डाव मांडायचा, हे वर्षानुवर्षं चाललेलं. आता ते बंद. फोनवर दोघंही "बरं आहे" यापलीकडे जात नसत. "मी आजारी माणूस. त्याला यायला काय धाड भरलीय?" असं दादा खिडकीला सांगायचा. रागापेक्षा त्यात दुःखच जास्त होतं, आणि ते आम्हा दोघांनाही बघवत नव्हतं.

"चढ नसलेला रस्ता शोधू या," वहिनी एके दिवशी म्हणाली, आणि जमिनीच्या उंचीची फाईल तिने घरच्या संगणकावर घेतली. ही फाईल म्हणजे फोटो नव्हे. गावावर चौकटींची जाळी टाकलेली, आणि प्रत्येक चौकटीत तिथल्या उंचीचा आकडा. तिने ती नकाशाच्या प्रोग्रॅममध्ये उघडली तर सगळा पडदा पांढराफटक, मध्ये एक काळा पट्टा.

"फाईल गंडलीय," मी तज्ज्ञासारखं म्हणालो.

"फाईल ठीक आहे. नदीवरची उंची मोजता आली नाही, म्हणून तिथे उणे नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव लिहिलंय. 'माहीत नाही' असं लिहायची ती पद्धत. या शहाण्या प्रोग्रॅमला वाटलं, खरंच तेवढा खड्डा आहे. मग त्या खड्ड्यापुढे बाकीचं गाव एकाच रंगात!"

तो आकडा उंचीचा नाही, असं तिने प्रोग्रॅमला बजावलं. मग खऱ्या सगळ्यांत खालच्या जागेपासून सगळ्यांत वरच्या जागेपर्यंत रंग पसरवले. बघता बघता गाव उमटलं. शाळेमागचा उंचवटा, नदीकाठची सखल वस्ती, आमची उतरती गल्ली. वहिनी इतकी खूश झाली की चित्र तिरकं करून, डोंगरदऱ्या दिसतील असं उभं करून तिने दादाला हाक मारली.

दादा चष्मा पुसत आला. "आपली गल्ली कुठली?"

तिने बोट ठेवलं. ती गल्ली नव्हती, कडा होता.

"यावर मी रोज चढत होतो?" दादा हळूच म्हणाला. मग दारातले बूट उचलून त्याने कपाटात नेऊन ठेवले. वहिनीचा चेहरा उतरला.

जेवताना तिने एकदम कपाळावर हात मारला. "दहापट!" ऑफिसात गटारांचा उतार इतका कमी असतो की साहेबांच्या डोळ्यांना तो दिसतच नाही, म्हणून तिथे उंची नेहमी दहापट ताणून दाखवतात. सवयीच्या हाताने तिने घरीही तेच केलं होतं. "अहो, तो चढ तुमचा नव्हता, ऑफिसचा होता!"

ताण काढला तर गाव इस्त्री केलेल्या चादरीसारखं पसरलं. दादा भडकला. "मघाशी कडा, आता चादर! मी विश्वास कशावर ठेवायचा?"

वहिनी वाद घालत बसली नाही. नुसतं चित्र बघून काही ठरवायचं नाही, म्हणून तिने उंचीच्या आकड्यांवरून प्रत्येक रस्त्याचा उतार काढला. सौम्य तो हिरवा, खडा तो लाल. जुन्या कालव्याच्या कडेने एक हिरवी वाट निघाली, लांबची पण सलग. डॉक्टरांनी ती पाहून होकार दिला. वहिनी स्वतः आधी चालून आली. मग रविवारी दादाने आपणहून कपाट उघडलं.

आम्हा दोघांबरोबर तो थांबत, बसत, पण एकदाही धाप न लागता घड्याळजीच्या घरापर्यंत पोहोचला. तिथे वहिनी थबकली. घर वरच्या मजल्यावर, आणि रस्त्यापासून सरळ वर जाणारा उभा जिना. वर्षानुवर्षं चढलेला तो जिना दादाला सांगायचा सुचलाच नव्हता.

"अगं बाई! आणि मी परवा कोपऱ्यावरूनच परत फिरले," ती पुटपुटली. "माझी एक चौकट या घराएवढी. जिना त्यात कुठे दिसणार?" तिला रडूच येईल असं वाटलं.

दादाने खालूनच आरोळी ठोकली. खिडकी उघडली, बंद झाली.  बऱ्याच वेळाने वरचं दार उघडलं आणि घड्याळजी बाहेर आला. एका हाताने कठडा धरून, बगलेत बुद्धिबळाचा पट घेऊन, तो एकेका पायरीवर बसत, सरकत खाली येऊ लागला.

"गुडघे गेले," तो म्हणाला. "मला वाटलं, मी येत नाही म्हणून तू रागावलास."

"गाढवा, फोनवर सांगायचं की!"

"तुला जिना चढायचा नाही, हे तू सांगितलंस?"

 सगळ्यांत खालच्या पायरीवर बसून दादा मोहरे मांडू लागला, आणि डोळ्यांतल्या पाण्यामुळे घोडा कुठे ठेवायचा हेच त्याला दिसेना.